खरेदी करायची नसेल तर नाशिकहून मुंबईच्या आर्ट फेअरला जाण्यात अर्थ आहे का? एका दिवसात होतं का?

होतं, आणि जरूर जा. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडा. आर्ट मुंबई हा चित्र-शिल्पांचा मेळा २०२३ पासून नोव्हेंबरात महालक्ष्मी रेसकोर्सवर भरतो. त्यासाठी दादरला उतरून पश्चिम रेल्वेने महालक्ष्मी गाठायचं. तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

खरेदीचं म्हणाल, तर बघे लोकच जास्त असतात, कुणी हाकलत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उगाच दबकून भिंतीलगत फिरत होतो. मग एका स्टॉलवर किंमत विचारली. आकडा ऐकून घाम फुटला, पण तिथल्या मुलीने वीस मिनिटं चित्र समजावलं! तेव्हा विचारायला लाजू नका. चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय. फोटोखाली ३/१० लिहिलेलं असेल, तर एकूण दहा प्रिंटपैकी ती तिसरी. या आकड्यावर किंमत बरीच ठरते, म्हणून पुढच्या प्रिंट महाग होत जातात का, तेही विचारा.

सगळे स्टॉल बघायच्या फंदात पडू नका, दोन तासांनी डोळे थकतात. आवडलेल्या चार कामांशी परत जा. फोटो काढताना शेजारच्या पाटीचाही काढा, नाहीतर घरी आल्यावर चित्रकाराचं नाव आठवत नाही.

तिकिटाचे पैसे जिवावर येत असतील तर जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा कला महोत्सव गाठा. प्रवेश फुकट, सीएसएमटीवरून चालत जाता येतं, आणि जहांगीर आर्ट गॅलरी तिथेच आहे. फक्त शनिवार-रविवार टाळा, चित्रांपेक्षा सेल्फीवालेच जास्त दिसतात.