टोपीवरचा क्रॉस: पदक की बिल्ला?

प्रश्न असा आला आहे. पहिल्या महायुद्धातल्या एका जर्मन सैनिकाच्या छायाचित्राखाली मराठीत ओळ लिहायची आहे. त्याच्या टोपीवर छोटासा क्रॉस दिसतो आणि मूळ इंग्रजी मजकूर त्याला 'लँडवेहर क्रॉस' म्हणतो. त्याचं 'राखीव दलाचं लोहपदक' असं भाषांतर चालेल का? आणि क्रॉसच्या मागे जी गोल रंगीत चकती, 'कोकार्ड', असते तिला 'तुरा' म्हणावं का?

'लोहपदक' अजिबात नको. घोटाळा का होतो ते समजण्यासारखं आहे. आयर्न क्रॉस आणि हा क्रॉस दिसायला भावंडं, आणि दोघांचा उगमही एकाच धामधुमीतला. मार्च १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध उठताना प्रशियाचा राजा फ्रीड्रिश विल्हेल्म तिसरा याने आयर्न क्रॉस हे शौर्यपदक स्थापन केलं आणि त्याच महिन्यात 'लांटवेअर' (इंग्रजी मजकुरातलं 'लँडवेहर'), म्हणजे नागरिकांची फौज, उभारण्याचा हुकूमही काढला. पदक होतं बिडाचं, चांदीच्या कडेचं. ते पराक्रमासाठी मिळे आणि छातीवर मिरवलं जाई. लांटवेअरचा क्रॉस साध्या धातूचा, टोपीवर बसवलेला आणि लढाई पाहिलेली असो वा नसो, दलातल्या सगळ्यांना सारखा. त्यावर अक्षरं असत: 'मिट गॉट फ्यूर क्योनिश उंट फाटरलांट', म्हणजे देवाच्या साथीने, राजासाठी आणि पितृभूमीसाठी. सोबत १८१३ हा आकडा. माणसाने काय केलं ते पदक सांगतं, तो कोणाचा माणूस आहे ते हा क्रॉस सांगतो. या दुसऱ्या कामाला मराठीत 'बिल्ला' हा शब्द तयारच आहे. पोलिसाच्या टोपीवर असतो तो बिल्ला, रेल्वेच्या हमालाच्या दंडावर असतो तोही बिल्लाच. 'चपरास' हा आणखी जुना पर्याय, पण आता त्यातून फक्त चपराशी उरला आहे.

खरी अडचण 'राखीव' या शब्दाची आहे. १९१४ च्या सुमाराला जर्मन पायदळातला तरुण दोन वर्षं सक्तीची नोकरी करून घरी परते आणि पुढची काही वर्षं 'रेझेर्व' मध्ये मोडे. मग लांटवेअर, साधारण एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत. त्यानंतर पंचेचाळिशीपर्यंत 'लांटश्टुर्म', ज्यात कधीच कवायत न केलेलेही सतराव्या वर्षापासून धरलेले असत. या तिन्हींना सरसकट 'राखीव' म्हटलं, तर छायाचित्रातला माणूस सव्वीस वर्षांचा गडी आहे की दोन पोरांचा बाप, हेच वाचकाला कळणार नाही. शिवाय आपल्याकडे 'राखीव दल' म्हटलं की राज्य राखीव पोलीस दल डोळ्यांपुढे येतं, आणि ते तर पूर्णवेळ नोकरीवालं.

'शिबंदी' हा शब्द मोहात पाडतो, मलाही पाडतो. पण शिबंदी पगारी, किल्ल्यांच्या आणि वसुलीच्या कामी ठेवलेली. सक्तीच्या भरतीतून आलेल्या शेतकऱ्याला आणि शाळामास्तराला तो अंगरखा बसत नाही. 'गृहरक्षक' म्हणजे आजचे होमगार्ड. 'प्रादेशिक सेना' हे आपल्या १९४९ मधल्या दलाचं अधिकृत नाव, आणि तिथे लोक स्वखुशीने जातात. म्हणून माझं मत: शब्द मूळचाच ठेवा, पहिल्या उल्लेखात 'नोकरी आटोपून घरी गेलेल्या प्रौढांची फौज' एवढा खुलासा करा, आणि उच्चार 'लांटवेअर' लिहा. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा 'ड' हा 'ट' होतो आणि 'वेर' मधला 'ह' फक्त स्वर लांबवायला असतो. 'लँडवेहर' हे इंग्रजी डोळ्यांनी केलेलं वाचन आहे.

या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ आहे: गावाच्या किंवा मुलखाच्या सीमेवरचा चर, बांध, काटेरी कुंपण. बर्लिनचा 'लांटवेअरकानाल' या चरावरून ओळखला जातो, फौजेवरून नव्हे. जानेवारी १९१९ मध्ये समाजवादी पुढारी रोझा लुक्झेंबुर्गचा खून करून प्रेत टाकलं ते याच कालव्यात. तेव्हा 'राखीव सैनिकांचा कालवा' असं कुठे छापलेलं दिसलं तर खुशाल खोडा. 'लांटश्टुर्म' चं 'भूवादळ' करणाऱ्यांनाही सांगावं की 'श्टुर्म लॉयटन' म्हणजे धोक्याची घंटा बडवणं. घंटा ऐकून जे हाती लागेल ते घेऊन धावणाऱ्या गावकऱ्यांचं चित्र या शब्दाला जास्त शोभतं.

आता 'तुरा'. गंमत अशी की फ्रेंच 'कोकार्ड' चं मूळ 'कॉक', म्हणजे कोंबडा, यात आहे, आणि आपल्याकडेही कोंबड्याच्या डोक्यावर तुराच असतो. पण व्युत्पत्ती जुळली म्हणून वस्तू जुळत नाही. तुरा उभा राहतो, झुलतो. कोकार्ड चपटी, एकात एक वर्तुळांची चकती. 'रंगचकती' म्हणा, किंवा सरळ कोकार्ड. तिचे रंग मात्र जरूर लिहा, कारण माहिती तिथेच आहे. काळी-पांढरी-काळी असेल तर प्रशिया, पांढरी-निळी-पांढरी बव्हेरिया, पांढरी-हिरवी-पांढरी सॅक्सनी. १८९७ पासून साऱ्या साम्राज्याची काळी-पांढरी-लाल चकतीही आली; टोपीवर ती वर आणि राज्याची खाली. बिल्ला बसे तो राज्याच्या चकतीवर. कृष्णधवल छायाचित्रात हे रंग ओळखणं अवघड, तेव्हा अंदाजाने राज्य ठोकून देऊ नका.

नुसता क्रॉस पाहून 'लांटवेअर' लिहून मोकळं होणंही घाईचं. टोकदार शिरस्त्राणावरच्या सोनेरी गरुडावर क्रॉस आणि खाली अधिकाऱ्याचा गणवेश असेल, तर तो बहुधा रेझेर्वचा लेफ्टनंट. वकील, प्राध्यापक, कारखानदारांची मुलं हा हुद्दा भेटकार्डावर छापून मिरवत, आणि तिथे क्रॉसची ऐट असे. तोच क्रॉस पितळेचा, ठसठशीत, मेणकापडाच्या टोपीवर आणि टोपीखाली पांढऱ्या मिशा दिसल्या, तर तो लांटश्टुर्मचा आजोबा, पुलावर नाहीतर कैद्यांच्या छावणीवर पहाऱ्याला उभा केलेला. उंच शाको टोपीवर लंबगोल चकती आणि क्रॉस असेल, तर लांटवेअर म्हणायला हरकत नाही. शिरस्त्राणावर कापडी खोळ चढवलेली असेल तर क्रॉस झाकला जातो. मग खोळीवरचा आकडा बघा. त्याच्या डोक्यावर 'आर' असेल तर रेझेर्व, 'एल' असेल तर लांटवेअर. हे आकडे आधी लाल असत, ऑगस्ट १९१४ पासून हिरवे झाले.

तुमच्या वर्णनात 'टोपी' आहे, शिरस्त्राण नाही. ती चकाकणाऱ्या मेणकापडाची असेल तर ओळ अशी करा: 'लांटश्टुर्मचा सैनिक, टोपीवर लांटवेअरचा क्रॉस-बिल्ला'. साध्या लोकरी कापडाची असेल आणि खांद्यावरचे पट्टे दिसत नसतील, तर 'लांटवेअर किंवा रेझेर्वचा सैनिक' एवढ्यावरच थांबा.