चिचि उंट हाहा

"दोन परदेशी भाषा एकदम घेतल्या तर दोन्ही कच्च्या राहतात का हो?" प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. विचारणारे बहुतेक वेळा पालक असतात. केतकी (नाव बदललंय) मात्र स्वतः आली, तीही ऑक्टोबरात, रडवेली होऊन.

मूळची कराडची. अकरावीत जर्मन घेतलं ते मार्क मिळतात म्हणून, मग गोडी लागली. आता पुण्यात बीए जर्मनच्या दुसऱ्या वर्षाला, आणि संध्याकाळी जपानीचा वर्ग. जपानीच्या तोंडी परीक्षेत घरच्यांबद्दल सांगायचं होतं. 'चिचि तो हाहा', म्हणजे बाबा आणि आई, एवढंच म्हणायचं. तोंडातून निघालं 'चिचि उंट हाहा'. 'उंट' हे जर्मनमधलं 'आणि'. वर्गातल्या निम्म्या मुलांना जर्मन येत होतं, हशा पिकला. तेव्हापासून पोरीचं तोंड उघडेना, जर्मनच्या तासालासुद्धा. "डोक्यात नुसती खिचडी झालीय मॅडम. बाबा म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या."

खरं सांगायचं तर मलाही हसू आवरलं नाही. मग तिला विचारलं, "एवढी घाबरली होतीस, तर मराठीतलं 'आणि' का नाही आलं गं तोंडात?" ती गप्प झाली.

तिसरी-चौथी भाषा शिकणाऱ्यांचं हे नेहमीचं आहे. परकी भाषा बोलायची म्हटलं की आधी शिकलेली परकी भाषा पुढे धावते, घरची मागे राहते. घसरतात तेही आणि, पण, हो असले किरकोळ शब्द, कारण बोलताना त्यांच्याकडे लक्षच नसतं. आधीची भाषा बिघडली असा त्याचा अर्थ नव्हे.

तिची वही मागवली. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे जपानी, मधे मराठी अर्थ. सुरेख अक्षर, लाल-निळी शाई. ती वही बंद करायला लावली. दोन वेगळ्या वह्या, दोघींच्या अभ्यासात निदान तासाभराचं अंतर, आणि सुटे शब्द नकोत, वाक्यं लिही म्हटलं. जपानी वाक्य ती आधी इंग्रजीत जुळवायची. कशाला? 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास' आणि 'मी भात खाते', क्रम तोच, क्रियापद शेवटी. जर्मनच्या 'देअर, दी, दास'ला तर आपले तो-ती-ते आहेतच. कोणत्या शब्दाला काय लागतं ते पाठ करावंच लागतं, पण तीन लिंगांचं आपल्याला नवल नाही.

वडिलांचा फोन आला. "जपानी सोडायला सांगा मॅडम. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना फी नाही, म्हणून तर जर्मन." हिशेब चुकीचा नव्हता. दोन्ही भाषा शून्यापासून एकदम सुरू असत्या, तर मीही एक थांबवायला सांगितलं असतं. पण केतकीचं जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत, आलेलं. त्या पायरीवर दुसरी भाषा झेपते, फक्त घरात थोरली कोण नि धाकटी कोण ते ठरलेलं हवं. हे मी ठरवणार नव्हते, त्यांनीही ठरवू नये असं सुचवलं. त्यांना ते फारसं रुचलं नाही.

केतकीला एवढंच विचारलं, की कुठल्या भाषेत चुकलं तर कमी लाज वाटते? "जर्मनमध्ये," ती म्हणाली. मग ती थोरली.

डिसेंबरच्या जेएलपीटीचा, म्हणजे जपानीच्या प्रावीण्य परीक्षेचा, एन-फोर या खालून दुसऱ्या पातळीचा फॉर्म भरून झाला होता. त्या परीक्षेत बोलायचं नसतंच, त्यामुळे पास झाली तरी हा तोंडाचा प्रश्न सुटणार नव्हता. म्हणून आठवड्यातून दोनदा मैत्रिणीबरोबर दहा मिनिटं नुसतं जपानी बोलायचं असं ठरलं, घोटाळ्यासकट.

एन-फोर थोडक्यात हुकली. जुलैत पुन्हा बसली. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला, त्यात मागून वडिलांचा आवाज ऐकू येत होता: "विचार मॅडमना, उंट बसला म्हणावं का अजून उभाच आहे?"