बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंय

प्रश्न: गोव्यात सत्तरी तालुक्यात आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागायतीच्या) वरच्या अंगाला पूर अडवण्यासाठी घातलेला, चार मीटर उंचीचा मातीचा बांध आहे. जुलैत त्याच्या पायथ्याशी पाणी झिरपतं. चिकणमाती थापून ते बंद करावं का? बांधावर काजू लावले तर चालतील का?

उत्तर: चिकणमाती मुळीच थापू नका. बाहेरची वाट बंद केली की पाण्याचा दाब बांधाच्या पोटात वाढतो आणि उतार फुगून घसरतो. मातीचा बांध थोडा पाझरतोच. पाहायचं ते पाण्याचा रंग. पाझर पन्हळीत घ्या आणि दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते रोज लिहा, सोबत बांधामागे साठलेल्या तलावाची पातळीही. मग पाणी काचेच्या बाटलीत तासभर ठेवा. तळाशी माती बसली, किंवा पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली, तर बांध आतून पोखरला जातोय. लगेच जलस्रोत खात्याला कळवा, खालच्या घरांना सावध करा. तोवर पाझरावर आधी जाड रेती, मग खडी, वर दगड असे थर द्या: पाणी सुटतं, माती अडते.

सांडव्यातला, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेतला, पालापाचोळा, ओंडके पावसाआधीच काढा. सांडवा तुंबला की पाणी बांधाच्या माथ्यावरून जातं, आणि मातीचा बांध ते सोसत नाही.

काजू नकोतच. झाड मेलं की कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढतं. गवत लावा, ते आखूड ठेवा, म्हणजे खेकड्यांची, उंदरांची बिळं वेळीच दिसतील.