रिव्हेटिंगला दोन कामगार का लागत?

रिव्हेट म्हणजे धातूचे पत्रे जोडणारी खिळी. तिचं एक डोकं तयार असतं, दुसरं ठोकून घडवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलो रन कारखान्यात एका बी-२४ बॉम्बर विमानाला असे ३ लाखांवर रिव्हेट लागत. बाहेरची बाई हवेच्या दाबावरची ठोकणारी गन तयार डोक्यावर चालवायची, आतली दुसऱ्या टोकाला पोलादी ठोकळा टेकवून धरायची; ते टोक ठोकळ्यावर दबून नवं डोकं घडायचं. युद्धकाळातल्या चित्रांत मिरवली गनवाली, पण निम्मं कसब ठोकळ्यात! तो तिरका धरला की डोकं लवंडतं. गन जास्त चालली तर चपटं होऊन कडेला चिरतं. नवं डोकं रिव्हेटच्या दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि त्या व्यासाच्या निम्मं उंच हवं. बिघडलं तर ड्रिलने काढून पुन्हा. काही मिश्रधातूंचे रिव्हेट तापवून पाण्यात विझवल्यावर साध्या तापमानाला थोड्याच वेळात कडक होतात, म्हणून ते बर्फपेटीत ठेवत आणि लागतील तेवढेच काढत.