नाना फुकटे यांच्यातर्फेही आशीर्वाद

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीने, दुसऱ्यांदा हसत. कांदा चिरता चिरता तू आदल्या रात्रीच्या सिनेमातल्या हिरोला नावं ठेवत होतीस, मध्येच "तुला तर तो आवडणारच" असं तुझ्या त्या मनातल्या सोबत्याला झापलंस, आणि मागे रूममेट उभी! तिने विचारलं, "फोनवर कोण आहे?" फोन बाहेर चार्जिंगला लावलेला. एवढंच ना झालं? यावर चार पानं लिहून शेवटी 'मावशी, आईला सांगू नका'. नाही सांगत. पण तुझी आई कढीशी बोलते हे तुला माहीत आहे ना? "थांब हं, उतू जाऊ नकोस" असं ती कढीला म्हणताना मी या कानांनी ऐकलंय.

माझ्याकडेही असेच मनातले नाना फुकटे आहेत. मी लग्न होऊन बोरिवलीला आले, नोकरी चर्चगेटला, तेव्हापासूनचे. साठीचे आहेत आणि तेव्हापासून साठीचेच आहेत. डोक्यावर काळी टोपी, काखेत घडी घातलेलं वर्तमानपत्र. खाली धोतर की लेंगा, ते अजून माझं ठरलेलं नाही. फुकटे अशासाठी की त्यांना तिकीट लागत नाही, ना लोकलला ना थिएटरला. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा मी म्हटलं, "नाना, आता तुमची पंचाईत." म्हणाले, "का? मी काय जागा अडवतो?" आणि खरंच, तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून बायका एकमेकींचे जीव घेतात, पण नानांना आजवर कोणी "जरा सरकून घ्या" म्हणालेलं नाही.

थापाडे मात्र एक नंबरचे. ७ जुलै १८९६ ला काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची चित्रं दाखवली, मुंबईतला पहिला सिनेमा तो. तिकीट एक रुपया. नाना म्हणतात, "मी होतो ना! रुपया कोण देतो? सरकलो आत." त्यात स्टेशनात गाडी शिरते असं एक चित्र होतं. ती गाडी दिसताच आपण खिडकी पकडायला धावलो आणि पडद्यावर आपटलो, असा त्यांचा दावा आहे. मी विरारवरून येणाऱ्या गाडीत उभी होते, हातात पर्स, छत्री आणि कोणाचंतरी मूल, आणि मला हसू आवरेना. समोरची बाई मेथी निवडत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, जुडी उचलली आणि शांतपणे पलीकडे जाऊन बसली. त्या दिवशी अंधेरीपर्यंत बसायला मिळालं. तेव्हा तोटाच होतो असं समजू नकोस.

शिवाय आता तुमचं बरं आहे. कानात ते पांढरं बोंड घातलं की अख्खा डबा हवेशी बोलतो. तूही घालून ठेव, बंद असलं तरी चालेल.

लाज वाटते म्हणतेस, तर एक गोष्ट सांगते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच! दोन्ही बाजू एकट्याने सांभाळायची रीत इतकी जुनी आहे, आणि तू एका कांद्यापुढे लाजतेस? (नानांचं म्हणणं, सीता जास्त चांगली झाली होती. त्यांनी पाहिला असणारच, फुकट.)

आता खरं सांगायचं ते. तुझ्या पत्रात मला एकच गोष्ट खटकली. तुझा तो सोबती तुझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. सिनेमा तुला बंडल वाटला की त्यालाही बंडल, भाजी जमली की तो बोटं चाटतो. असला सोबती काय कामाचा? त्याला कधीतरी जिंकू दे. मला रडका सिनेमा आवडतो आणि नाना मध्यंतरात म्हणतात, "हिने पहिल्या रिळातच आईला खरं सांगितलं असतं तर आपण आत्ता घरी जेवत असतो." मला राग येतो, उत्तर सुचत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना सुचतं. ते उत्तर माझं स्वतःचं असतं, कुठल्या परीक्षणातलं नाही. माझी मतं अशी नळाखाली तयार झाली आहेत.

आणि एक चूक मी केली, ती तू करू नकोस. आमचं मोदकपात्र जाऊबाई घेऊन गेल्या आणि परत करायचं नाव नाही, असं एका गणपतीच्या आधी माझ्या डोक्यात बसलं. त्यांना फोन करायचा सोडून मी नानांना जाऊबाई केलं. तीन आठवडे, बोरिवली ते चर्चगेट, रोज भांडण. काय काय बोलल्या त्या मला! माहेर काढलं, माझ्या पुरणपोळीला 'पापड' म्हणाल्या. गौरीच्या दिवशी खऱ्या जाऊबाई आल्या तेव्हा माझ्या मते आमचं सगळं बोलून झालेलं होतं. मी त्यांना अर्धा कप चहा दिला आणि पाठ फिरवून वाती वळत बसले. त्या बिचाऱ्या "काही चुकलं का गं?" एवढंच दोनदा विचारून गेल्या. मोदकपात्र दिवाळीच्या साफसफाईत सापडलं, आमच्याच माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. वरची तारीख आदल्या वर्षीची होती आणि गुंडाळी माझ्याच हातची.

राम आणि सीता एकट्याने करता येतात, जाऊबाई नाही करता येत. तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर लिहिलंयस, 'तो म्हणाला, रूममेट नक्की तुला वेडी समजते.' अगं, हे रूममेट म्हणाली का? ती एवढंच म्हणाली, फोनवर कोण आहे. उरलेलं तुझ्या त्या मान डोलवणाऱ्याने भरलं. तिला आज रात्री विचार. आणि जमलं तर रविवारच्या मॅटिनीला घेऊन जा, तिलाही सिनेमा नावडू शकतो.

मी जाऊबाईंकडे गेले होते, पात्र घेऊन. त्यांनी ऐकलं आणि इतक्या हसल्या की ठसका लागला. मग म्हणाल्या, "पण पोळी खरंच पापडासारखी होते हं तुझी." नाना कोपऱ्यात टोपी सावरत गप्प बसले होते.

तुझ्या सोबत्याचं नाव काही तू लिहिलं नाहीस. नाना चौकशी करताहेत, तो मध्यंतरात समोसा खातो की बटाटेवडा, आणि पैसे कोण देतं.

तुझी,
मावशी