चिऱ्याचं घर कुणाचं?

प्रश्न : ताई, एका आभासी जगात दोन वर्षं खपून मी आमच्या देवगडच्या घरासारखं घर उभारलं. चिऱ्याच्या भिंती, पडवी, तुळस, सगळं. पैसेही भरले. परवा कंपनीने न सांगता खातं बंद केलं. दाद कुठे मागू?

उत्तर : दादा, खेळातलं घर म्हणून तुमचं दुःख मी उडवून लावणार नाही. दोन वर्षं तुमची गेली आहेत. आधी नोंदणीच्या वेळी मान्य केलेल्या अटी वाचा. तिथली ‘जमीन’ बहुधा वापराचा परवानाच असते. आपल्याकडे कुळालासुद्धा कायद्याचा आधार आहे, इथे तेवढाही नाही, हे मला फार खुपतं. ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगाच्या कंपनीने २००३ मध्ये रहिवाशांनी घडवलेल्या वस्तूंचे बौद्धिक हक्क त्यांच्याकडेच राहतील असं जाहीर केलं. पण त्याच कंपनीने खातं गोठवलेला एक वकील न्यायालयात गेला आणि वाद न्यायालयाऐवजी खासगी लवादाकडेच न्यायचा, ही कंपनीची अट २००७ मध्ये न्यायालयाने एकतर्फी ठरवली. ‘ईव्ह ऑनलाइन’ या इंटरनेटवरच्या खेळात तर २००८पासून खेळाडूंनी निवडलेलं मंडळ कंपनीशी बोलतं.

पावत्या आणि घराचे जुने स्क्रीनशॉट आजच जमवा. खातं का बंद केलं, ते ईमेलने लेखी मागा. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.