शेजारी आश्रय मागणारा परदेशी विद्यार्थी राहतो, नाशिकमध्ये आम्ही त्याच्यासाठी काय करावं?

तुम्ही लिहिलंय, की शेजारच्या फ्लॅटमध्ये एक अफगाण विद्यार्थी भाड्यानं राहतो, त्यानं आश्रयासाठी दिल्लीत अर्ज केलाय, परत जायची सोय उरलेली नाही. नाशिकमध्ये त्याचा जम बसेल का, आणि सोसायटीनं वर्गणी काढावी का?

जम बसू शकतो. वर्गणी मात्र काढू नका. आमच्या वरच्या खोलीत असाच एक मुलगा भाडेकरू होता, त्यावरून सांगते.

आधी कागद बघा. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळांचं सरकार स्वतः बघतं; अफगाणांचे अर्ज संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची यूएनएचसीआर ही संस्था तपासते. नोंदणी झाली की अर्ज विचाराधीन असल्याचा कागद मिळतो, मग मुलाखत, मग निर्णय. त्यात महिने जातात, वर्षंही जातात. पण हा कागद म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसाची मुदतवाढ ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी पोर्टलवर वेगळी मागावी लागते, आणि तीही मुदत संपायच्या आत.

घरमालकालाही परदेशी भाडेकरूची ऑनलाइन नोंद २४ तासांत करावी लागते. 'रोख द्या, कशाला त्या भानगडीत पडायचं' म्हणणारे मालक दिसायला प्रेमळ असतात, पण भाडेकरार नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, आणि मग बँकेपासून सगळं अडतं. तुम्ही शेजारी आहात, तुमचं मालकाशी बोलणं होतं. तेव्हा त्यांना भाडेकरार आणि ही नोंद करायला लावा, पहिलं काम हेच.

नोकरीचं म्हणाल, तर अर्ज मंजूर होऊन यूएनएचसीआरचं निर्वासित कार्ड मिळालं तरी त्यावर काम करायचा हक्क मिळत नाही. गृहमंत्रालयानं दीर्घ मुदतीचा व्हिसा दिला तर खासगी नोकरी करता येते, पण तो सरसकट मिळत नाही. त्यामुळे अंबड-सातपूरच्या कारखान्यांतला कोणी ठेकेदार 'हातात पैसे देतो, उद्यापासून ये' म्हणाला तर आधी वकिलाला विचारा. मजुरी बुडवली तर तक्रार कुठे करणार तो?

मग निर्णय येईपर्यंत दिवसभर करायचं काय? माझ्या मते माणूस खचतो तो इथे. आमचा तो भाडेकरू मुलगा पहिले काही महिने जिन्यात 'नमस्ते काकू' म्हणून खाली मान घालून निघून जायचा. मग एकदा पिंपळगाव बसवंतहून माझे दीर द्राक्षांची पेटी घेऊन आले. एक मणी तोंडात टाकून तो म्हणाला, अजून चार दिवस वेलीवर ठेवायला हवी होती! तेव्हा कळलं, की तो काबूलच्या उत्तरेकडच्या शोमालीचा, घरची बाग असलेला. त्या संध्याकाळी दोघं छाटणीवरून जुंपले. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. त्यांच्याकडे हिवाळ्यात बर्फ, वेल सुप्तावस्थेत, दोनदा छाटायचा प्रश्नच नाही. वर त्यानं सांगितलं, की त्यांच्या गावी चिखल आणि भुशाच्या दोन वाडग्यांमध्ये द्राक्षं ठेवून कड चिखलानं लिंपतात आणि ती थेट वसंतापर्यंत ताजी राहतात. कंगीना म्हणतात त्याला. कोल्ड स्टोरेजचं बिल भरणाऱ्या माणसाला हे सांगितल्यावर तो झोपतो होय? पुढच्याच रविवारी दीर त्याला बागेत घेऊन गेले, मजूर म्हणून नव्हे, पाहुणा म्हणून. तिथून ओळखी फुटत गेल्या. कोणाचा तरी भाचा वकील निघाला, कोणाच्या सुनेनं त्याला मराठी वाचायला शिकवायचं मनावर घेतलं. पैसे म्हणाल तर कोणाचे फारसे लागलेच नाहीत. म्हणून म्हणते, त्याला काय येतं ते आधी विचारा.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी 'असले लोक नाशिकला कशाला' म्हणालंच, तर शरणपूर रोडची आठवण करून द्या. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे आणून शाळा आणि सुतारकाम-लोहारकाम शिकवलं. १८७३ मध्ये प्रसिद्ध शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत असलेला आणि पुढे इंग्लंडपर्यंत सोबत जाणारा जेकब वेनराइट या नाशिकच्या शाळेचा. फाळणीनंतर देवळाली कॅम्पात उतरलेल्या सिंध्यांची तर आज दुकानं आहेत, तुम्हीही तिथून कापड आणलं असेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. त्याचा फोटो, नाव, गाव फेसबुकवर किंवा ग्रुपवर टाकू नका. 'आमच्या सोसायटीची माणुसकी' वगैरे पोस्ट तर नकोच. त्याचे आईवडील तिकडेच असतील तर त्याची किंमत त्यांना मोजावी लागू शकते. आणि तिकडे काय झालं हे खोदून विचारू नका. मुलाखतीत त्याला ते सगळं सांगायचंच आहे.

मुलाखतीची तारीख आली की नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेसचं तिकीट लगेच काढून द्या, ऐनवेळी मिळत नाही. ती निजामुद्दीनला उतरवते, आणि अफगाणांची वस्ती असलेलं भोगल तिथून जवळ आहे, त्यामुळे मुक्कामाची सोय त्याची तोच करेल. जाताना सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच तुमच्याकडे ठेवून घ्या.